डावा हात

काकूंनी ओठाचा कोपरा बोटाने वर ओढला आणि खुर्चीत आडव्या झालेल्या ट्रकचालकावर वाकून त्याला आपला दात दाखवला. वरचा, उजवीकडचा, सुळ्याच्या मागचा.

"हा बघा. डॉक्टरांनीच केलंय याचं रूट कॅनाल, आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. आजतागायत हूं नाही की चूं नाही."

ट्रकचालकाने दात पाहिला, मग काकूंचा चेहरा पाहिला, आणि इतका वेळ घट्ट मिटून धरलेलं तोंड हळूहळू उघडलं. माणूस आडदांड होता, पण इंजेक्शन बघितल्यापासून खुर्चीचे हात सोडायला तयार नव्हता.

डॉक्टरांना यात नवीन काही नव्हतं. पेशंट बिथरला की ते नुसतं "अगं" म्हणायचे आणि काकू हातातलं काम टाकून दात दाखवायला यायच्या. बाहेरच्या पाटीपेक्षा या दाताने जास्त पेशंट आणले, असं डॉक्टर चारचौघांत सांगत आणि काकूंना ते ऐकायला आवडायचं. नवऱ्याच्या तोंडून कौतुक निघायच्या जागा त्यांच्या संसारात मोजक्याच होत्या. ही त्यातली सगळ्यात जुनी.

"आता ऐका," काकू ट्रकचालकाला म्हणाल्या. "दुखलं तर डावा हात वर करायचा. बाकी काही हलवायचं नाही. हात वर झाला की डॉक्टर थांबणार."

तो हात बघणं हे काकूंचं काम. भिंगाचा चष्मा लावला की डॉक्टरांना एका दातापलीकडे काही दिसत नसे. पेशंटचं उरलेलं शरीर काकूंच्या ताब्यात. त्या डाव्या बाजूला लाळ ओढायची नळी धरून उभ्या राहत आणि नजर त्याच्या डाव्या हातावर ठेवत. हात उठला की "थांबा" म्हणत, आणि डॉक्टर थांबत. वरच्या मजल्यावर, घरात, काकूंनी थांबा म्हटल्याने काही थांबल्याचं कोणाला आठवत नव्हतं. खाली दवाखान्यात मात्र थांबत.

पूर्वी सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. डॉक्टरांची पुतणी दातांचं शिक्षण संपवून दवाखान्यात काम शिकायला आली, ती काकू म्हणू लागली, आणि बघता बघता त्या पेशंटच्याही काकू झाल्या.

पुतणी हुशार होती आणि हाताने हलकी होती, पण एका दुपारी तिच्याकडून फाइल तुटली. फाइल म्हणजे केसासारखी बारीक, पीळ असलेली सुई. दाताच्या मुळात जी नळी असते ती या सुईने आतून खरवडून साफ करतात. तुटताना आवाज होत नाही. टोक आतच राहतं आणि बाहेर काढल्यावर फाइल आखूड दिसते, एवढंच. खुर्चीत एक शाळामास्तरीण होती, तोंडात रबराचा पडदा लावलेला, डोळे मिटलेले. पुतणीने आखूड फाइल काकांना दाखवली. काकांनी शांतपणे पेशंटला सांगितलं की आजचं काम छान झालं, उरलेलं पुढच्या वेळी भरू, आणि पुतणीला मागच्या खोलीत बोलावलं.

मागच्या खोलीत काकू अवजारं धूत होत्या. पुतणीचा चेहरा पांढराफटक पडला होता. बाईंना सांगायला हवं, कॉलेजात तसंच शिकवलंय, असं ती म्हणत होती. डॉक्टर हसले.

"सांगितलंस की संपलीस. तिला काल दुखत होतं, उद्या दुखणार नाही. तिला तेवढंच हवंय."

"पण काका, तुकड्याच्या पलीकडे साफ झालं नाही तर..."

"तर शरीर बघून घेतं. माझ्या माहितीत एक माणूस आहे, वर्षानुवर्षं तुकडा घेऊन हिंडतंय. खातंय, पितंय, हसतंय. त्याच्या गावीही नाही."

काकूंनाही हसू आलं. केवढं बावळट माणूस असेल ते, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी चिमटा उलटा करून दुसऱ्या बाजूने घासला.

पुतणी त्या दिवशी गप्प राहिली. पुढच्या वेळी शाळामास्तरणीचा दात भरून टाकला, वर टोपी बसवली, आणि बाई जाताना तिला आशीर्वाद देऊन गेल्या.

आता हूं नाही की चूं नाही, हे अगदी शंभर टक्के खरं होतं असं नाही. त्या दाताच्या वर, हिरडीवर, काकूंना अधूनमधून एक पुळी यायची. आधी तो भाग ठणकल्यासारखा व्हायचा, मग पुळी फुटून तोंडात खारट चव यायची, आणि मग काहीच नाही. पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी नवऱ्याला दाखवली होती. तो म्हणाला, उष्णतेने होतं, आणि गोळ्या दिल्या. पुळी गेली, पुन्हा आली. पुढे पुढे काकू कपाटातून गोळ्या आपल्या आपणच काढून घेऊ लागल्या. जाहिरातीनेच तोंड वेंगाडलं तर कसं चालायचं? त्या डावीकडून चावायला शिकल्या आणि ती सवय इतकी मुरली की आपल्याला उजवीकडून चावता येत नाही, हे त्या विसरूनही गेल्या.

दवाखान्यातल्या प्रत्येकाच्या दाताचा एक्स-रे फोटो काकूच काढत. स्वतःचा कधी काढला नव्हता. एकदोनदा विषय काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुला कशाला? दुखतंय का? मग झालं तर." तेही बरोबरच होतं.

यंदा मात्र पुळी गोळ्यांना दाद देईना. आणि एका वकीलबाईंना दात दाखवताना बोट लागलं तेव्हा काकूंना तो किंचित हलल्यासारखा वाटला. डॉक्टर कुठल्याशा परिषदेसाठी परगावी गेले होते. संध्याकाळचे पेशंट संपल्यावर काकू बेसिनवरच्या आरशापुढे ओठ उचलून उभ्या होत्या. पुतणीने ते मागून पाहिलं.

"काकू, बसा खुर्चीत."

नको, कशाला, असं दोनदा म्हणून त्या बसल्या. खुर्ची मागे झुकली तेव्हा वरचा दिवा थेट डोळ्यांत आला. या दिव्याखाली इतकी माणसं त्यांनी निजवली होती, पण तो खालून एवढा त्रास देतो याची त्यांना कल्पना नव्हती.

फोटो पडद्यावर आला. दाताचे फोटो बघण्यात काकूंची हयात गेली होती. मूळ कुठे वाकलंय, कीड कुठवर गेलीय, हे त्यांना पुतणीच्या आधी दिसायचं. आत्ताही दिसलं. मुळाच्या टोकाभोवती, जिथे हाडाची राखाडी जाळी असायला हवी, तिथे कापडावर निखारा पडावा तसा गोल काळा डाग होता. आणि मुळाच्या आत, भरलेला मसाला जिथे संपत होता त्याच्या पलीकडे, एक झगझगीत पांढरी बारीक रेघ होती. दोन्ही टोकं धारदार. अंगाला पीळ.

पुतणीलाही ती दिसली असणार, कारण तिने पडद्यावर बोट ठेवलं ते काळ्या डागावर, आणि ती बोलत सुटली.

ती म्हणाली, हे बघा काकू, दातातली नस मेली की आतला रक्तपुरवठा बंद. जंतू त्या रिकाम्या नळीत घर करतात. शरीराच्या पांढऱ्या पेशी जंतूंना खाऊन टाकायला धावतात, पण त्या जाणार रक्तातून, आणि दातात तर रक्तच नाही. म्हणजे चोर आत आणि पोलीस बाहेर, दार नाही. मग त्या मुळाच्या टोकाशी ठाण मांडून बसतात. जो जंतू बाहेर डोकावेल त्याला गिळतात. गिळून गिळून मरतात, त्यांचा पू होतो, त्यांच्या जागी नव्या येतात. आतल्या जंतूंना काही फरक पडत नाही. तुम्ही घेतलेल्या गोळ्यासुद्धा रक्तातूनच जाणार, त्याही दाराबाहेरच. बाहेरचा पसारा आवरतात, पुळी बसते, पुन्हा येते.

"आणि हाड?" काकूंनी विचारलं. "हाड जंतूंनी खाल्लं?"

पुतणी अडखळली. नाही, म्हणाली. हाड जंतू खात नाहीत. जंतू हाडापर्यंत पोचू नयेत म्हणून शरीर स्वतःच आधी हाड विरघळवतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पेशींची भिंत उभी करतं. हा काळा डाग म्हणजे ती भिंत. तिच्यामुळेच इतकी वर्षं जबडा सुजला नाही, ताप आला नाही. पेशींनी त्यांचं काम चोख केलं.

"म्हणजे राखण करणाऱ्यांनीच खाल्लं."

"तसं म्हणता येईल." पुतणीने बोट तिथेच ठेवलं होतं. मग ती आणखी काही सांगू लागली, पेशींचे प्रकार, कोण आधी येतं, कोण मागून येतं. परीक्षेत विचारल्यासारखी भराभर. काकूंनी तिला बोलू दिलं. त्या मान न हलवता पडद्याकडे बघत होत्या. शेवटी पुतणीला दम लागला.

"आणि ही पांढरी रेघ?"

"तो भरलेला मसाला आहे, काकू."

"मसाला अलीकडे संपतोय. मी पलीकडचं विचारतेय."

पुतणीने डोळ्यावरचा चष्मा काढला आणि ॲप्रनला पुसला. चष्मा स्वच्छच होता.

"फाइलचा तुकडा आहे."

"तुटली की कळतं ना?"

"कळतंच. आखूड बाहेर येते."

काकूंना रडू आलं नाही. त्यांना लाज वाटली. मागच्या खोलीत चिमटा घासताना त्या ज्या बावळट माणसाला हसल्या होत्या, ते माणूस आत्ता खुर्चीत उताणं पडलं होतं. त्यांच्या समोर, त्यांच्याच नळाच्या आवाजात, नवरा त्यांच्याविषयी बोलला होता, आणि बोलताना त्याचा आवाजही बदलला नव्हता. मग त्यांना ते सगळे चेहरे आठवले ज्यांच्यावर वाकून त्यांनी हा दात दाखवला होता. त्या घाबरलेल्या माणसांनी त्यांच्या तोंडात पाहिलं होतं आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला होता.

दात वाचणार नाही, पुतणी खालच्या आवाजात सांगत होती. हाडच उरलेलं नाही, कशाच्या आधारावर ठेवणार? लवकर काढलेला बरा, आज म्हणाल तर आज. काकू खुर्चीतून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या की आज नको. काकांना काही बोलू नकोस, असंही म्हणाल्या.

"आणि त्या शाळामास्तरणीला फोन करून बोलावून घे. खरं काय ते सांग."

"काका काय म्हणतील?"

"काकांचं मी बघते."

डॉक्टर परत आले त्या रात्री जेवताना काकूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, माझा तो दात केलात तेव्हा शेवटी फोटो काढला होता का हो? त्यांना काय ऐकायचं होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुटली गं, घाबरलो, नवीन होतो, तुला सांगायचं राहून गेलं. एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी ताटात आणखी वाढलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दात काढून टाकला असता. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी याहून मोठ्या गोष्टी गिळल्या होत्या.

डॉक्टरांचा घास तोंडाशी थांबला, पण क्षणभरच.

"का? दुखतोय?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी घास खाल्ला, पाणी प्यायले आणि सांगितलं की उद्या एक फार भित्रे गृहस्थ यायचेत, मोठे कारखानदार आहेत, तेव्हा तू जरा वेळेवर खाली ये.

काकू वेळेवर खाली गेल्या. दात हलताना दिसू नये म्हणून त्यांनी तो मागून जिभेने दाबून धरला आणि कारखानदारांना दाखवला. वाक्यही तेच म्हटलं. दात काढण्याचा दिवस त्या पुढे पुढे ढकलत राहिल्या. पुतणी रोज विचारायची, काकू रोज बघू म्हणायच्या. कशासाठी थांबल्यात, हे तिला कळेना. एका परीने काकूंनाही ते नीट सांगता आलं नसतं.

शाळामास्तरणीला पुतणीने बोलावलं नाही. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. काकूंनी ते पाहिलं.

मग डॉक्टरांची दाढ ठणकू लागली.

ती तशी बरेच दिवस कुरकुरत होती. दातांच्या डॉक्टरइतका भित्रा पेशंट दुसरा नसतो. त्याला आत काय काय घालतात ते माहीत असतं. डॉक्टर गोळ्यांवर दिवस ढकलत राहिले, आणि एका सुट्टीच्या दिवशी सकाळी गाल सुजून डोळ्यापर्यंत आला. गावात दातांचे इतर डॉक्टर होते, पण त्या सगळ्यांना त्यांनी जन्मभर नावं ठेवलेली. आता त्यांच्यासमोर तोंड कसं उघडणार? दवाखान्याचं शटर आतून ओढून घेतलं आणि डॉक्टर आपल्याच खुर्चीत आडवे झाले.

पुतणीने फोटो पाहिला. एका मुळाखाली काळा डाग धरू लागला होता, दुसऱ्या मुळातली नस अजून जिवंत होती आणि चवताळलेली होती. तिने इंजेक्शन दिलं, ओठ बधिर झाल्याची खात्री करून घेतली, तरी तिचं मन होईना. ती म्हणाली, काका, सूज इतकी आहे, अशा जागी इंजेक्शन नीट धरत नाही, तुम्हीच सांगता. दोन दिवस गोळ्या घेऊन मग करू या का?

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही," डॉक्टर सुजलेल्या तोंडाने म्हणाले. "उघड आणि मोकळं कर."

काकू डाव्या बाजूला आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. लाळेची नळी हातात घेतली.

"दुखलं तर डावा हात वर करायचा," त्या म्हणाल्या. "बाकी काही हलवायचं नाही."

डॉक्टर अर्ध्या तोंडाने हसले. "मला शिकवतेस?"

पुतणीने रबराचा पडदा बसवला आणि त्यांचं बोलणं संपलं. तिने भिंगाचा चष्मा डोळ्यावर ओढला. दाढ वरून उघडेपर्यंत ते स्वस्थ होते. मग तिने पहिली फाइल जिवंत नसेच्या मुळात घातली.

डावा हात वर गेला.

काकूंनी त्या हाताकडे पाहिलं. नखं कापलेला, स्वच्छ, साबणाने धुऊन धुऊन कोरडा पडलेला हात. बोटं ताठ पसरलेली. इतकी वर्षं शेजारी राहून हा हात त्यांनी असा कधी पाहिला नव्हता.

त्यांनी तो हातात घेतला, पेशंटच्या बायका घेतात तसा, सावकाश खाली आणला, खुर्चीच्या हातावर टेकवला आणि वर आपला तळवा दाबून ठेवला.

"काकू, ठीक आहे ना?" पुतणीने भिंगातून नजर न काढता विचारलं.

"ठीक आहे. आत जा. टोकापर्यंत साफ कर, अर्धवट ठेवू नकोस."

तळव्याखालचा हात पुन्हा उसळला. काकूंनी कोपरात जोर आणला. पुतणीची मान जरा वर आली. तिला काकांचे डोळे दिसले असतील, एकावर एक दाबलेले दोन हातही दिसले असतील. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. पुतणीची मान पुन्हा खाली गेली.

हलवता येण्यासारखे डॉक्टरांचे डोळे तेवढे उरले होते. ते काकूंकडे वळले. कडांना पाणी होतं आणि विश्वास बसत नव्हता. काकू त्यांच्यावर वाकल्या, नळी सोडून मोकळ्या केलेल्या हाताने ओठाचा कोपरा वर ओढला आणि दात दाखवला.

"हा बघा," त्या म्हणाल्या, नेहमीच्याच समजुतीच्या आवाजात. "डॉक्टरांनीच केलंय याचं रूट कॅनाल, आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. आजतागायत हूं नाही की चूं नाही."

आणि त्यांनी दात मागून जिभेने ढकलला. तो पुढे झुकला, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, आणि तसाच लोंबत राहिला.

डॉक्टरांनी तो पाहिला. पाहिल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"काकू, पुढच्या नंबरची फाइल द्या," पुतणी म्हणाली.

काकूंनी उजव्या हाताने फाइल उचलून दिली. डावा हात त्यांनी होता तिथेच ठेवला.